देव राहू दे, दात्याचं नावही राहू दे

जुन्नरजवळ लेण्याद्रीच्या डोंगरात अष्टविनायकांपैकी गिरिजात्मज ज्या दालनात बसला आहे, ते दालन मुळात बौद्ध भिक्खूंचा विहार होतं. याबद्दल अभ्यासकांत वाद नाही. तरीही हे वाक्य अष्टविनायकाला निघालेल्या बसमध्ये मोठ्याने म्हटलं की काही चेहरे आक्रसतात. तेच वाक्य एखाद्या बौद्ध मेळाव्यात म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न येतो, मग आमचं आम्हाला परत कधी मिळणार? मला या दोन्ही प्रतिक्रियांना उत्तर द्यायचं आहे, पण दोन्हींना एकाच मापाने नाही. देव जिथे आहे तिथेच राहावा, असं मला वाटतं. आणि हे लेणं कुणी कोरवलं, कुणासाठी कोरवलं, हे ठळकपणे सांगण्याची जबाबदारी नंतर आलेल्यांची आहे, असंही वाटतं. ती जबाबदारी आपण, म्हणजे गणपतीला हात जोडणारे आपण, नीट पाळत नाही.

आधी जागा पाहू. सातव्या क्रमांकाचं हे लेणं जुन्नर परिसरातल्या विहारांमध्ये सर्वांत मोठं आहे. दालन सतरा मीटरांहून लांब, पंधरा मीटरांहून रुंद, आणि एवढ्या छताखाली एकही खांब नाही. तिन्ही बाजूंना मिळून वीस खोल्या. पावसाळ्याचे महिने भिक्खूंनी एका जागी राहायचं, या वर्षावासाच्या नियमातून अशा खोल्या जन्माला आल्या. मागच्या भिंतीतल्या मधल्या दोन खोल्यांच्या जागी आज गाभारा आहे. गिरिजेने, म्हणजे पार्वतीने, पुत्रप्राप्तीसाठी इथे बारा वर्षं तप केलं आणि तिच्या पोटी गणपती आला, ही भाविकांची कथा. तीनशेच्या आसपास पायऱ्या चढून म्हातारी माणसं धापा टाकत वर येतात ती या कथेवरच्या विश्वासाने. त्या विश्वासाला कमी लेखणारा लेख मला लिहायचा नाही.

पण त्याच ओळीत, अगदी शेजारी, सहाव्या क्रमांकाचं लेणं आहे. ते चैत्यगृह, म्हणजे भिक्खूंचं उपासनेचं दालन. दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, शेवटी स्तूप, आणि ब्राह्मी लिपीतला एक छोटा लेख. त्याचा अर्थ सरळ आहे : कल्याणच्या हेरणिकाचा, म्हणजे सोनाराचा किंवा खजिनदाराचा, मुलगा सुलसदत्त याचं हे चैत्यगृहाचं दान. जवळपास दोन हजार वर्षांपूर्वी कल्याणहून नाणेघाट चढून येणाऱ्या व्यापाराच्या वाटेवर एका माणसाने पैसे खर्चून डोंगर कोरवला आणि आपल्या नावासोबत बापाचीही ओळख तिथे ठेवली. गाभाऱ्याकडे जाणारी बहुतेक माणसं या नावाच्या जवळून जातात आणि ते त्यांच्या कानावरही पडत नाही.

जुन्नरच्या आसपासच्या डोंगरांत, शिवनेरी, तुळजा, मानमोडी आणि लेण्याद्री मिळून, दोनशेहून अधिक लेणी आहेत. त्यांच्या शिलालेखांतले दाते पाहिले की ‘हे कुणाचं’ हा प्रश्न पहिल्याच पावलाला अवघड होतो. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे व्यवसायसंघाने, सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याची पोढी, म्हणजे टाकं, दिलं. इरिल नावाच्या यवनाने, म्हणजे ग्रीक माणसाने, दोन पोढ्या दिल्या, चिट नावाच्या यवनाने भिक्खूसंघाला भोजनमंडप दिला. अदुथुम नावाच्या शकाने, जो कोणाचिक श्रेणीतला उपासक होता, झाडांसाठी जमीन लावून दिली : करंजांसाठी वीस निवर्तनं (हे तेव्हाचं जमिनीचं माप), वडांसाठी नऊ. मानमोडीच्या डोंगरात क्षत्रप, म्हणजे शक राजा, नहपान याचा अमात्य अयम याचा लेख आहे. यवन, शक, वाणी, राजाचे कारभारी. या डोंगरात माणसं पहिल्या दिवसापासून बाहेरगावची आणि बहुविध होती. त्यांना एकत्र आणणारा मात्र एकच होता, तो म्हणजे बौद्ध संघ. हे दुसरं वाक्य पहिल्याच्या गर्दीत हरवू देता कामा नये. हल्ली ‘सगळ्यांचा संगम’ असं म्हणत म्हणत संघाचं नावच गाळण्याची एक सभ्य पद्धत रूढ होते आहे.

नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावर याहून बोलके लेख आहेत. दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याने तीन हजार कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, दोन विणकर श्रेणींकडे कायमची ठेव म्हणून ठेवल्याची नोंद आहे. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक आणि हजारावर शेकडा पाऊण व्याज. दोन हजारांच्या व्याजातून, दरसाल दोनशे चाळीस कार्षापण, वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा याप्रमाणे चीवरांसाठी, म्हणजे वस्त्रांसाठी. हिशोब आजही बरोबर जुळतो. हाच उषवदात त्याच लेण्यात अभिमानाने सांगतो की त्याने देवांना आणि ब्राह्मणांना सोळा गावं दिली, वर्षभर लाखभर ब्राह्मणांना जेवू घातलं. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्री आपल्या मुलाची, गौतमीपुत्र सातकर्णीची, ‘एकबम्हण’, म्हणजे अद्वितीय ब्राह्मण, म्हणून थोरवी गाते आणि ते लेणं मात्र भद्रायणीय पंथाच्या भिक्खूंना अर्पण करते. एकाच माणसाच्या दोन हातांनी दोन परंपरांना दान दिलं, आणि त्यात त्या माणसाला काही विसंगत वाटलं नाही. दान दोघांना होतं, पण कोणतं दान कुणाला, हे दगडावर अगदी स्पष्ट लिहिलेलं होतं, हेही इथे लक्षात घ्यायला हवं.

पुढे काय झालं? ज्या व्यापारावर ही दानं उभी होती तो आटला, आश्रयदाते बदलले, संघ विरळ झाला. डोंगर मात्र रिकामे राहत नसतात. नाशिकच्याच अकराव्या लेण्यात ऋषभदेवाची मूर्ती आली. मानमोडीच्या अंबा-अंबिका गटात जैन मूर्ती कोरल्या गेल्या. वेरुळचं पंधरावं लेणं, दशावतार, बौद्ध विहार म्हणून सुरू झालं आणि राष्ट्रकूटांच्या काळात शैव-वैष्णव शिल्पांनी भरलं. वेरुळच्याच दहाव्या लेण्यातल्या बुद्धाला सुतारांनी विश्वकर्मा मानलं. कान्हेरीला 1009 आणि 1021 साली आलेल्या पारशी मंडळींनी नव्वदाव्या लेण्यात पहलवी लिपीत आपल्या भेटीची नोंद कोरली, आणि सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी तिथल्याच एका लेण्यात चर्च थाटलं. दापोली तालुक्यातल्या पन्हाळेकाजीच्या 29 लेण्यांत तर बौद्धांच्या हीनयान आणि वज्रयान शाखा, शैव, गाणपत्य आणि नाथ असे थर एकावर एक वाचता येतात. पन्हाळेकाजीवरून भांडण ऐकू येत नाही. तिथे गर्दी नाही, दानपेटी नाही, निवडणुकीत उपयोगी पडेल अशी यात्रा नाही. ही भांडणं इतिहासातून जेवढी येतात, त्याहून जास्त आजच्या वर्दळीतून येतात.

बदल करणारे प्रत्येक वेळी परकेच होते असंही नाही. कार्ल्याचं चैत्यगृह घ्या. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने जंबुद्वीपातलं उत्तम शैलगृह म्हणून ते पूर्ण केल्याचं तिथला लेख सांगतो, आणि अडतीस मीटर खोल त्या दालनात छताच्या मूळ लाकडी कमानी अजून टिकलेल्या पाहिल्या की त्याची बढाई बढाई वाटत नाही. त्याच्या दर्शनी भिंतीवर दंपतींची शिल्पं आहेत, आणि त्यांच्या मधल्या जागेत काही शतकांनंतर महायान बौद्धांनीच बुद्धमूर्ती कोरल्या. म्हणजे बौद्धांनीही आपल्या पूर्वजांच्या कामात फेरबदल केले. डावीकडे सिंहस्तंभ आजही उभा आहे. उजवीकडे त्याच्या जोडीचा जिथे असावा असं अभ्यासक मानतात, तिथे एकवीरा आईचं देऊळ आहे. आगरी-कोळ्यांची ती कुलदेवता. चैत्रात पालख्या येतात, ‘आई माउलीचा उदो उदो’ने डोंगर दुमदुमतो. या लोकांना उद्या कुणी सांगितलं की तुमची आई इथली नाही, तर ते सांगणं खोटं ठरेल. पिढ्यानपिढ्या नवस बोलले आणि फेडले ती जागा त्यांची आहेच.

म्हणूनच ‘परत द्या, देव हलवा’ ही मागणी मला मान्य नाही. सर्वांत जुन्या थरापर्यंत मागे जाऊन बाकीचे थर खरवडून काढायचे, असं ठरवलं तर कोणताही डोंगर वाचणार नाही. हाच युक्तिवाद देशात इतरत्र कुणाविरुद्ध वापरला जातो आणि त्याची परिणती कशात होते, हे आपण पाहिलं आहे. जो युक्तिवाद बलवानाच्या हाती गेल्यावर आपल्याला भीती वाटते, तो आपल्या बाजूनेही वापरू नये, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. बोधगयेची गोष्ट याहून वेगळी आहे. तिथे जगभरच्या बौद्धांची उपासना आज जिवंत आहे, आणि 1949 च्या कायद्याने व्यवस्थापन समितीत चार हिंदू, चार बौद्ध आणि अध्यक्ष जिल्हाधिकारी अशी रचना केली. आपल्या सर्वांत पवित्र जागेचा कारभार आपल्या हाती असावा, ही बौद्धांची तिथली मागणी मला न्याय्य वाटते. लेण्याद्रीवर किंवा कार्ल्यावर मात्र जिवंत पूजा नंतर आलेल्यांची आहे, आणि ती उठवून जुनी पूजा परत जिवंत होत नाही.

इथपर्यंत माझ्या बाजूने माना डोलावणाऱ्या भाविकांनी पुढचंही ऐकावं.

ब्राह्मी लिपी वाचता येत नव्हती तोवर लोकांनी या लेण्यांना पांडवांची नावं दिली. नाशिकची ती पांडवलेणी. एवढं अचाट काम माणसाचं असूच शकत नाही, म्हणून ते भीमाचं. त्यात दुष्टावा नव्हता. रिकाम्या जागी कथा भरणं हा माणसाचा स्वभाव आहे. पण 1837 च्या सुमारास जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी उलगडली. त्यानंतर काही दशकांत भाऊ दाजी लाड, भगवानलाल इंद्रजी यांनी पश्चिम भारतातल्या लेण्यांतले लेख वाचले, आणि 1881 साली ते एकत्र छापूनही आले. तेव्हापासून न कळण्याची सबब उरलेली नाही. आज कुणी गर्दीला सांगत असेल की हे लेणं पांडवांनी एका रात्रीत कोरलं, तर दात्यांची नावं पुसण्याचं काम तो जाणूनबुजून करतो आहे.

पुसणं नेहमी छिन्नीनेच होतं असं नाही. यात्रेच्या पुस्तिकेत ‘प्राचीन गुंफा’ एवढंच लिहून पुढे गेलं की झालं. स्तूपाला ‘मोठी पिंडी’ म्हटलं की झालं. शाळेची सहल गाभाऱ्यात नेऊन शेजारच्या चैत्यगृहासमोरून तशीच पुढे नेली की झालं. आणि जिथे खरोखर तोडमोड झाली तिथे तीही सौम्य शब्दांत गुंडाळू नये. शेलारवाडीच्या घोरावडेश्वराच्या चैत्यगृहात स्तूपाच्या जागी शिवलिंग आहे. काहीतरी हटल्याशिवाय ते तिथे आलेलं नाही. लेण्याद्रीचे शिलालेख कुणी कुणाला हाकलल्याचं सांगत नाहीत, म्हणून तिथे आपण हाकलल्याची कथा रचू नये. पण जिथे दगडच साक्ष देतो तिथे ‘सगळं सामंजस्याने झालं’ अशी कथाही रचू नये.

हे सांगणं आज का गरजेचं आहे, ते घोरावडेश्वराच्याच डोंगरावरून दिसतं. वर बौद्ध लेणी आणि महादेव. भंडारा, भामचंद्र आणि घोरावडेश्वर हे तुकोबांच्या एकांताचे डोंगर, असं वारकरी परंपरा मानते, म्हणून तिसरा थर वारकऱ्यांचा. आणि जवळच्या देहू रोडला 25 डिसेंबर 1954 रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी विहारात बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. त्यानंतर दोन वर्षांच्या आत, 14 ऑक्टोबर 1956 ला, नागपुरात धर्मांतर झालं. ज्या लाखो माणसांना गावच्या देवळाच्या पायरीवर उभं राहू दिलं जात नव्हतं, त्यांना त्या दिवशी एक धर्म मिळाला आणि त्यासोबत सह्याद्रीभर कोरलेला एक इतिहासही मिळाला. आपण या मातीत उपरे नाही, इथले सर्वांत जुने दगड आपल्या वारशाची भाषा बोलतात, ही जाणीव किती मोठी असेल याची कल्पना ज्यांना देवळाचं दार कधी बंद झालं नाही त्यांनी थोडा वेळ तरी करून पाहावी. अशा माणसाने लेण्याद्री चढून जावं आणि वर त्याला सांगितलं जावं की इथे बुद्धाचा काही संबंध नाही. दाराबाहेर ठेवण्याचाच हा एक प्रकार आहे, फक्त यावेळी इतिहासाच्या दाराबाहेर.

जमिनीच्या सातबाऱ्यावर मालक बदलला की फेरफार होतो. नवं नाव चढतं, जुन्या नावाला कंस होतो, पण फेरफाराच्या नोंदीत जुनं नाव वाचता येतं. नव्या मालकाचा हक्क त्यामुळे कमी होत नाही, उलट कागद सलग असल्यामुळे पक्का होतो. देवस्थानांनी आपल्या जागेचा कागद असाच सलग ठेवावा, एवढीच अपेक्षा आहे.

कायद्याकडे पाहिलं तर तो या बाबतीत पूर्ण हात देत नाही. 1991 चा उपासनास्थळांविषयीचा कायदा 15 ऑगस्ट 1947 ची स्थिती कायम ठेवतो, पण 1958 च्या प्राचीन स्मारक कायद्याखाली येणाऱ्या जागा त्यातून वगळलेल्या आहेत. 1958 च्या कायद्याचं सोळावं कलम एवढंच सांगतं की संरक्षित स्मारकात पूजास्थान असेल तर त्याच्या स्वरूपाशी विसंगत वापर करता येणार नाही. दोन हजार वर्षांत अनेक स्वरूपं घेतलेल्या लेण्याचं ‘स्वरूप’ कोणतं, हे उद्या एखाद्या न्यायालयाला ठरवावं लागेल आणि निकाल कुठलाही लागला तरी एक बाजू दुखावून घरी जाईल. तिथवर जाण्याआधी डोंगरावरच्या माणसांना आपसात ठरवता येण्यासारखं बरंच आहे.

पुरातत्त्व खात्याची पाटी स्मारकाजवळ असते, पण ती सरकारी पाटी असते. रांगेतला भाविक ती वाचायला थांबत नाही. तोच मजकूर देवस्थानाने स्वतःच्या नावाने, सोप्या मराठीत, पायऱ्यांच्या सुरुवातीला आणि गाभाऱ्याच्या बाहेर लावला तर त्याचं वजन वेगळं होतं. ‘हा बौद्ध भिक्खूंचा विहार होता; आज इथे गिरिजात्मजाची पूजा होते’ हे वाक्य विश्वस्तांच्या तोंडून आलं की वादातली अर्धी धग तिथेच निवते. वैशाख पौर्णिमेला चैत्यगृहात शांतपणे वंदना करायला येणाऱ्यांना वाटेत अडवलं जाऊ नये, आणि त्या वंदनेला कुणी आव्हान समजू नये. वंदना करणाऱ्यांनीही गाभाऱ्यासमोर घोषणा देऊ नयेत. ज्यांच्या श्रद्धेला आदर हवा आहे त्यांनी तो देणंही आलं. धूर, तेल, ऑइलपेंट, फरशा, खिळे यांचा विषय तर कोणत्याच धर्माचा नाही. मूळ दगडावर काहीही नवं चिकटवायचं नाही, हा नियम निळ्या झेंड्यालाही लागू असावा आणि भगव्यालाही.

मला माहीत आहे, यावर एक शंका हमखास येते : आज पाटी लावली की उद्या ताबा मागतील. माझा अनुभव याच्या उलट सांगतो. लेण्यांवर वंदनेला जाणाऱ्या तरुणांशी बोलताना मला बहुतेकांच्या बोलण्यात मालकीपेक्षा नाकारलं जाण्याचा राग जास्त ऐकू आला. ‘निदान मान्य तरी करा’ हे शब्द त्यांच्या तोंडी वारंवार येतात. जिथे मान्यच केलं जात नाही तिथे ‘परत द्या’ म्हणणाऱ्यांचा आवाज चढतो, आणि त्या आवाजाला बळ पुरवण्याचं काम आपली गप्प राहण्याची सवय करते. गणपतीवरची भक्ती एका पाटीने कमी होईल असं ज्यांना वाटतं त्यांनी त्या पायऱ्या चढणाऱ्या आजीबाईंचा विश्वास फारच कच्चा धरला आहे. तिला सांगून पाहा, इथे पूर्वी भिक्खू राहत, ध्यान करत. ती बहुधा त्या भिंतींनाही हात जोडेल.

पहिलं पाऊल देवस्थानांच्या विश्वस्तांनी उचलायला हवं, कारण आज जागा त्यांच्या ताब्यात आहे आणि ज्याच्या ताब्यात जागा असते त्याच्याच औदार्याला अर्थ असतो. लेण्याद्रीपुरतं बोलायचं तर सुलसदत्ताचा तो छोटासा लेख देवनागरीत उतरवून, खाली त्याचा अर्थ देऊन, येणाऱ्या माघी गणेश जयंतीच्या आधी रांगेच्या वाटेवर लावता येईल. त्यासाठी कोणत्याही कायद्यात बदल लागत नाही. पुरातत्त्व खात्याची परवानगी आणि विश्वस्तांचा एक ठराव, एवढं पुरे आहे.